घसारा

पहाटे साडेतीनला असल्फ्याच्या टेकडीवर
मी चावी फिरवतो. डावीकडे बावीस आटे.
बाविसाव्याला जमिनीखाली कुणी खाकरल्यासारखं होतं,
मग हवा, मग गढूळ, मग पाणी.
चाळीस मिनिटं.
वरच्या गल्लीला तेवढ्यात दिवस भरून घ्यायचा असतो,
मला वाणिज्य, सत्र दुसरं, प्रकरण चार.

व्हॉल्व्हच्या खड्ड्याशी उकिडवं बसून बॅटरीच्या उजेडात वाचलं :
वस्तू वापरली तरी झिजते,
नुसती ठेवली तरी झिजते.
ह्याला घसारा म्हणतात.
सत्तेचाळीस वर्षांत हे मला कुणी सांगितलं नव्हतं.
गुडघ्यांना माहीत असावं.
काढायच्या पद्धती दोन : सरळ रेषेची
आणि घटत्या शिलकेची.
माझं दुसऱ्या पद्धतीनं चाललंय.

फोन आला तो दुपारचा, मी झोपेत.
“पवळे सर बोलताय ना?”
सर.
खात्यात मला ‘ए चावी’ म्हणतात,
टेकडीवर ‘पाणीवाला’, आणि पाणी उशिरा आलं तर
जे म्हणतात ते इथे लिहीत नाही.
त्या एका शब्दापायी मी निम्मी फी भरली असती.
पूर्ण भरली.

“वय म्हणजे काय सर, आकडा.
पदवी असली की तुम्ही क्लार्क, खुर्ची, पंखा.
तीनच सीटा उरल्यात.”
(पुढे दीड वर्ष त्या तीनच उरल्या होत्या.)

मरोळला त्यांचं विद्यापीठ :
खाली टाइल्सचं दुकान, वर दातांचा दवाखाना,
मधल्या मजल्यावर कुलगुरूंचा फोटो.
मेहेक नावाची पोरगी, गळ्यात पट्टा, पट्ट्यावर हसरा चेहरा.
कूलरमधून ग्लास भरून दिला.
मी एक घोट घेतला आणि म्हटलं, बोअरचं आहे.
ती हसली. “सर, शुद्ध आहे.”
मी सही केली.
एक लाख दहा हजार, पतपेढीकडून,
जामीन मेहुणा, आणि दुसरा जामीन
त्याच्याच बिल्डिंगमधला एक लिफ्टमन,
ज्यानं मला आजवर कधी पाहिलेलं नाही.

बायको म्हणाली, सायलीच्या बारावीला ठेवले होते ते.
मी म्हटलं, कागद आला की सगळं फिटेल.
रात्री बापलेकीनं एकाच टेबलावर पुस्तकं उघडली.
तिनं माझ्या वहीत समास आखून दिला.
खोटं का बोलू, ते महिने बरे गेले.

परिपत्रक एका गुरुवारी लागलं.
हेडक्लार्क सबनीसांनी चष्मा पुसून वाचलं :
“सदर संस्थेची पदवी पदोन्नतीकरिता ग्राह्य धरता येणार नाही.”
मग माझ्याकडे बघून, अगदी मायेनं :
“ग्राह्य म्हणजे कळलं ना?”

कळलं होतं, साहेब. प्रकरण दोनमध्ये होतं.

मरोळच्या जिन्यात शंभरेक माणसं.
एक नर्स, दोन हवालदार, टेम्पोवाला,
पन्नाशीची एक बाई पावत्यांची पिशवी पोटाशी धरून.
वरून दातांचे पेशंट गाल दाबत उतरत होते,
आमच्यात अडकत होते.
काचेमागे मेहेक. पट्टा नव्हता.
म्हणाली, “दोन महिने पगार नाही.
माझंही एमबीए इथलंच, सर. स्टाफला सवलत होती.”
कुणीतरी काचेवर चप्पल मारली.
मी पावती मागायला गेलो होतो.
मागितली नाही.

घरी येऊन वहीत हिशेब मांडला, समास सोडून :
मूळ किंमत एक लाख दहा हजार.
उपयुक्त आयुष्य चौदा महिने.
अवशिष्ट मूल्य —
सायलीनं डोकावून विचारलं, काय येतंय?
मी म्हटलं, पेन संपलंय.

काल दुपारी पुन्हा फोन.
नवं विद्यापीठ, कांजूरमार्गला, परदेशी सहकार्य वगैरे.
“पवळे सर बोलताय ना?”
आवाज तोच.
तिला बहुतेक नाव दिसलं होतं, माणूस आठवला नव्हता.
मी सगळं बोलू दिलं, आकड्यापर्यंत, सीटांपर्यंत.
मग विचारलं,
तिकडे कूलरमध्ये पाणी कुठलं?

बराच वेळ काही नाही.
मागं दुसऱ्या पोरींचे आवाज, सर, सर, सर.

“बोअरचं,” ती म्हणाली.